मालगाडीच्या इंजिनाचा चेहरा ठरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मालवाहू रेल्वे इंजिनांचे अभिकल्प व बाह्यरूप ठरवणारे सर्व अभियंते, रेखाकार आणि अधिकारी,
भारतीय रेल्वे

विषय : नव्या मालवाहू इंजिनांचे बाह्यरूप, रंग आणि ओळख यांबाबत रेल्वेप्रेमींचे म्हणणे

सविनय नमस्कार.

२६ मे २०२५ रोजी दाहोदच्या कारखान्यातून ९,००० अश्वशक्तीचे पहिले मालवाहू विद्युत इंजिन बाहेर पडले. जानेवारी २०२३ मध्ये झालेल्या करारानुसार अशी १,२०० इंजिने अकरा वर्षांत तयार व्हायची आहेत आणि त्यांची देखभाल पस्तीस वर्षे चालायची आहे. याचा सरळ अर्थ असा, की आज आपल्या रेखाकारांच्या पडद्यावर जी रेषा पक्की होते, ती या देशाच्या लोहमार्गांवर या शतकाच्या उत्तरार्धातही दिसत राहील. आज शाळेत जाणारी मुले आजी-आजोबा होतील तेव्हाही फाटकापाशी थांबून ती हाच चेहरा पाहतील. त्या वेळी आमच्यापैकी बहुतेक जण नसतील. म्हणूनच आमचे म्हणणे आत्ता, रूप पूर्ण गोठण्यापूर्वी, आपल्यासमोर ठेवावेसे वाटले.

मी रेल्वेचा कर्मचारी नव्हतो. एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मी मुलांना यंत्र-आरेखन शिकवले आणि निवृत्तीनंतर इगतपुरीला राहतो. कसाऱ्याहून १ : ३७ चा चढ चढून आलेली मालगाडी आणि तिला मागून रेटा देत आलेली बँकर इंजिने हे माझे रोजचे दृश्य आहे. आम्ही पाच-सहा जण संध्याकाळी भेटतो. त्यांत एक निवृत्त लोको पायलट आहेत, एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे, बाकीचे माझ्यासारखे नुसते पाहणारे. इंजिनांच्या रूपावरून आमच्यात जितके वाद होतात तितके अन्य कशावरूनही होत नाहीत, आणि या पत्रात मांडलेली मते त्या वादांतून तावूनसुलाखून निघालेली आहेत.

रेल्वेप्रेमींची सर्वांत जुनी तक्रार अशी, की नवी इंजिने म्हणजे नुसती खोकी आहेत. वाफेच्या इंजिनाचे सगळे अवयव उघडे असत आणि अल्को या अमेरिकी कंपनीच्या घडणीच्या डिझेल इंजिनाच्या लांब हूडमध्येही, म्हणजे यंत्रावरच्या झाकणातही, आतल्या यंत्राचा आकार कळत असे. आता एक सपाट पत्र्याची पेटी येते आणि जाते, तिच्यात काय चालले आहे त्याचा पत्ता लागत नाही. ही तक्रार मी अनेक वर्षे ऐकतो आहे आणि ती मला मान्य नाही. विद्युत इंजिनाला पेटीचा आकार मिळाला तो कामाच्या गरजेतून. ट्रान्सफॉर्मर, कन्व्हर्टर, हवा खेळवणारे ब्लोअर, कॉम्प्रेसर हे सारे एका छपराखाली बसवायचे, त्यांच्या कडेने माणसाला चालता येईल अशी वाट ठेवायची, आणि हे सर्व ठरावीक उंची-रुंदीच्या चौकटीत व ठरावीक धुरीभारात, म्हणजे चाकांच्या एका आसावर येणाऱ्या भारात, करायचे, म्हटल्यावर दुसरा कोणता आकार निघणार? १९९० च्या दशकात एबीबी या परदेशी कंपनीच्या तंत्रज्ञानासह आलेले आणि पुढे चित्तरंजनच्या कारखान्यात हजारोंनी घडलेले डब्ल्यूएजी-९ हे मालवाहू विद्युत इंजिन पाहा. त्याच्या अंगावर नको असलेली एकही रेघ नाही. हिरव्या अंगावर एक पिवळा पट्टा, पुढे किंचित कललेली काच, बस्स. माझ्या मते गेल्या तीस वर्षांतले ते आपले सर्वांत प्रामाणिक रूप आहे.

शक्तीच्या आकड्यांकडे पाहिले की रूप कसे ठरते ते अधिक स्पष्ट होते. डब्ल्यूएजी-९ ची मूळ शक्ती ६,१२० अश्वशक्ती आणि धुऱ्या सहा, म्हणजे एका धुरीमागे साधारण १,०२० अश्वशक्ती. बिहारमधल्या मधेपुऱ्याला घडणाऱ्या डब्ल्यूएजी-१२ बी ची शक्ती १२,००० अश्वशक्ती आणि धुऱ्या आठ, म्हणजे धुरीमागे १,५००. दाहोदचे नवे इंजिन ९,००० अश्वशक्तीचे आणि सहा धुऱ्यांचे, म्हणजे पुन्हा धुरीमागे १,५००. मधेपुऱ्याचे इंजिन दोन भागांचे जुळे का झाले, ते या हिशेबातच आहे. १८० टन वजन २२.५ टनांच्या धुरीभारात बसवायचे तर आठ धुऱ्या हव्यात आणि आठ धुऱ्यांचे एकसंध अंग घाटातल्या वळणांवर फिरणार नाही, म्हणून चार-चार धुऱ्यांचे दोन भाग पाठीला पाठ लावून जोडले. या जुळ्या इंजिनाला काही रेल्वेप्रेमींनी नाके मुरडली. आमच्यातल्या विद्यार्थ्याला मात्र ते मनापासून आवडते, कारण त्याची लांबी पाहूनच त्याची ताकद कळते. मला त्याचे म्हणणे पटले आहे.

थळ (कसारा) आणि बोर (खंडाळा) घाटांत १९२८ च्या सुमारास आलेल्या मालवाहू विद्युत इंजिनांना, म्हणजे पुढे ज्यांना डब्ल्यूसीजी-१ म्हटले गेले त्यांना, इकडचे लोक ‘खेकडा’ म्हणत. स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या कारखान्याच्या अभिकल्पावर बेतलेले ते इंजिन होते. पुढे आणि मागे लांब नाके, मध्ये मुख्य अंग, आणि नाकांखाली मोठ्या दांड्यांनी फिरणारी चाके. वळणावर ही नाके अंगापासून वेगळी वळत आणि जागेवर उभे असताना इंजिन विचित्र कण्हल्यासारखा आवाज करी. सौंदर्याच्या पुस्तकी कसोटीवर त्याला कोणी देखणे म्हटले नसते. तरीही घाटातल्या माणसांनी त्याला नाव दिले आणि स्वातंत्र्यानंतर कित्येक दशके ते या चढावर राबले. आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात त्यांपैकी एक इंजिन उभे आहे आणि लोक त्याच्यासमोर थांबतात. तो आकार कुणाच्या हौसेने आलेला नव्हता. अवजड मोटारी, त्यांची गती चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्या आणि घाटातली तीव्र वळणे यांनी तो ठरवला होता. ज्या इंजिनाकडे पाहून त्याचे काम कळते, ते लोकांच्या मनात राहते, हा अनुभव आमच्या घाटानेच दिलेला आहे.

म्हणून माझी आपल्याला पहिली विनंती आहे की मालवाहू इंजिनाला प्रवासी गाडीचे सोंग देऊ नये. अलीकडे नव्या इंजिनांच्या कल्पनाचित्रांत टोकदार नाक, काळ्या काचेचा भास देणारा पुढचा भाग, डोळे वटारल्यासारखे दिवे अशा गोष्टी दिसतात. ताशी १६० किलोमीटर धावणाऱ्या गाडीला निमुळत्या नाकाचा उपयोग आहे. ज्या इंजिनाची कमाल गती ताशी १२० किलोमीटर आहे, जे बहुतेक काळ त्याहून पुष्कळ कमी गतीने धावते आणि ज्याच्या मागे कोळशाच्या उघड्या वाघिणींची लांबच लांब रांग असते, त्या गाडीला वाऱ्याचा विरोध होतो तो मुख्यतः वाघिणींमुळे. इंजिनाचे नाक कितीही घासले तरी त्यात फारसा फरक पडत नाही. उलट नाकासाठी घेतलेली प्रत्येक वीत कॅबमधल्या, म्हणजे चालकाच्या खोलीतल्या, माणसाच्या जागेतून किंवा आतल्या यंत्रांच्या जागेतून जाते. पुढच्या भागाला लांबी द्यायचीच असेल तर ती धडकेच्या वेळी आतला माणूस वाचावा म्हणून द्या. त्या कारणाने आलेला जाडजूड, बोजड चेहराही आम्हांला प्रिय होईल.

कॅबचा विषय निघाला आहे, तर येथे आमच्याच मंडळींच्या एका मताविरुद्ध मला बोलले पाहिजे. ईएमडी या कंपनीच्या जातीचे डब्ल्यूडीजी-४ डिझेल इंजिन मूळ अमेरिकी घडणीचे, एका कॅबचे. त्याचा लांब हूड, कडेचे चालण्याचे पट्टे आणि एका टोकाला बसलेली कॅब ही रचना अनेक रेल्वेप्रेमींना अतिशय डौलदार वाटते. परंतु लांब हूड पुढे ठेवून गाडी हाकताना लोको पायलटला समोरचे नीट दिसत नाही. सिग्नल पाहण्यासाठी मान वाकडी करावी लागते आणि सहायकाच्या नजरेवर विसंबावे लागते. आमच्या गटातल्या निवृत्त लोको पायलटांनी हे अनेकदा समजावून सांगितले आहे. पुढे दोन्ही टोकांना कॅब असलेली आवृत्ती निघाली, तेव्हा इंजिनाचा बांधा बिघडला, ते दोन डोक्यांचे झाले, अशी हळहळ आमच्यात झाली. ती हळहळ चुकीची होती. ज्या रूपाची किंमत गाडी चालवणाऱ्याच्या मानेने आणि डोळ्यांनी चुकती करावी लागते, त्या रूपाला देखणे म्हणण्याचा अधिकार रुळाच्या बाहेर उभे राहून पाहणाऱ्याला नाही.

हाच न्याय कॅबमधल्या उष्णतेला आणि स्वच्छतागृहाला लावावा. वातानुकूलन यंत्राने छपराची रेषा बिघडते, अशी टीका मी ऐकली आहे. बिघडू द्या. मे महिन्यात भुसावळ ते नागपूर या टापूत बंद लोखंडी कॅबमध्ये बसणे म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले तो ही टीका करणार नाही. सातारा जिल्ह्यातून आलेल्या सुरेखा यादव देशातील पहिल्या महिला लोको पायलट झाल्या. त्यांनी मालगाड्या चालवल्या आणि याच घाटांतून गाड्या नेल्या. त्या काळातल्या इंजिनांत स्वच्छतागृहाची सोय नव्हती. आता महिला लोको पायलटांची संख्या वाढते आहे आणि मालगाडीला बाजूच्या मार्गावर तासन्‌तास थांबावे लागते. नव्या इंजिनांत ही सोय येत आहे याचा आम्हांला आनंद आहे. ती प्रत्येक इंजिनात आणि वापरता येईल अशा अवस्थेत असावी, हा आमच्या दृष्टीने अभिकल्पाचाच भाग आहे.

आता रंग. या बाबतीत आम्ही सर्व जण एकमताने बोलतो आहोत.

मालवाहू इंजिनाचा रंग पहिल्याप्रथम कोणासाठी असतो? छायाचित्र काढणाऱ्यासाठी नव्हे, तर रुळावर काम करणाऱ्या ट्रॅकमनसाठी आणि कीमनसाठी. पावसाळ्यात थळ घाटात धुके इतके दाट उतरते की पन्नास पावलांवरचा खांब दिसेनासा होतो. वळणामागून किंवा बोगद्यातून गाडी बाहेर पडते तेव्हा कीमनजवळ थोडेच क्षण असतात. जुन्या अल्को इंजिनाची धडधड फार लांबून कानावर पडे. आताची त्रिकला (थ्री-फेज) विद्युत इंजिने त्यामानाने शांत असतात, त्यातही उताराला, वीज परत तारेत सोडणाऱ्या ब्रेकवर उतरणाऱ्या इंजिनाचा आवाज पावसाच्या आवाजात सहज बुडून जातो. कानाचे काम जितके कमी झाले, तितके डोळ्यावर आले आहे. ब्रिटनमध्ये डिझेल आणि विद्युत इंजिनांचा जमाना सुरू झाला तेव्हा, १९६० च्या दशकात, याच कारणाने इंजिनांच्या तोंडावर पिवळा रंग देण्याची पद्धत पडली आणि ती अर्धशतक टिकली. आपल्या डब्ल्यूएजी-९ च्या पिवळ्या पट्ट्यातही तो गुण थोडा आहे. म्हणून नव्या इंजिनांचे तोंड गडद निळे, करडे किंवा काळे करण्याच्या मोहापासून दूर राहावे. अंग कोणत्याही रंगाचे असो, तोंडाचा खालचा अर्धा भाग पिवळा किंवा केशरी असावा आणि तो धुक्यात किती अंतरावरून दिसतो हे घाटात उभे राहून, पावसाळ्यात, तपासावे. प्रयोगशाळेतल्या दिव्याखाली सगळेच रंग चांगले दिसतात.

रंगाच्या टिकाऊपणाबद्दलही एक शब्द. उद्‌घाटनाच्या दिवशी इंजिनावर जे चकचकीत नक्षीकाम असते ते दोन-तीन पावसाळ्यांनंतर कसे दिसते, याचा विचार रेखाटनाच्या वेळीच व्हावा. ब्रेकच्या ठोकळ्यांची तांबूस धूळ, कोळशाची काजळी आणि तारेवरून झडणारा काळा कण यांतून मालवाहू इंजिनाची सुटका नाही. अंगाचा खालचा भाग मळ खपवून घेणारा आणि वरचा भाग सहज धुता येणारा असावा, पट्टे सरळ आणि मोजके असावेत, म्हणजे दुरुस्तीनंतर शेडमधल्या, म्हणजे इंजिनांची देखभाल होते तिथल्या, रंगाऱ्याला साध्या पट्टीच्या आधारे ते पुन्हा काढता येतील. चिकटवलेल्या चित्रांचे कोपरे सुटून लोंबायला लागले की इंजिन नवे असूनही टाकाऊ वाटू लागते. ते पाहून वाईट वाटते.

पूर्वी शेडगणिक इंजिनांचे रंग बदलत. रंग पाहून लांबूनच कळे की हे अमक्या शेडचे इंजिन आहे, आणि त्या शेडच्या लोकांनी ते किती निगुतीने ठेवले आहे. आता सर्वत्र एकच रंग असावा, हे खर्चाच्या व शिस्तीच्या दृष्टीने आम्ही समजू शकतो. परंतु कॅबच्या दाराखाली दोन हातभर जागा शेडच्या स्वतःच्या पट्ट्यासाठी मोकळी सोडावी. भुसावळ, अजनी, कल्याण येथे रात्रपाळीत इंजिनाखाली वाकून काम करणाऱ्या माणसांना आपली खूण कुठेतरी उमटवता आली पाहिजे. त्याचबरोबर इंजिनाचा क्रमांक मोठ्या, ठसठशीत अंकांत असावा. बारीक आणि तिरक्या नक्षीदार अंकांची अडचण फक्त क्रमांक टिपून ठेवणाऱ्या हौशी माणसाला होते असे नाही, यार्डात दिवा घेऊन फिरणाऱ्या माणसालाही होते.

नावांचेही तसेच. चित्तरंजनमध्ये १९६१ साली तयार झालेल्या पहिल्या विद्युत इंजिनाचे नाव ‘लोकमान्य’ होते आणि ते आमच्याच भागातल्या १,५०० व्होल्टच्या तारेखाली धावले. पहिल्या डब्ल्यूएजी-७ ला ‘शांतिदान’ आणि चित्तरंजनच्या पहिल्या डब्ल्यूएजी-९ ला ‘नवयुग’ अशी नावे मिळाली. मात्र नाव मिळते ते पहिल्या एका इंजिनाला, नंतरची शेकडो बिननावाची राहतात. १,२०० इंजिनांना नावे देणे ही काही मोठ्या खर्चाची बाब नाही. नद्या, घाट, किल्ले, खाणींची आणि बंदरांची गावे, बंद पडलेली छोटी स्थानके, यांची यादी केली तरी बाराशे नावे सहज निघतील. ‘एहेगाव’ नावाचे इंजिन आमच्या घाटातल्या एहेगावच्या पुलावरून गेले, तर त्या गावातल्या पोरांना ते किती दिवस पुरेल, याची आपण कल्पना करावी.

आणखी एक मागणी आहे, ती जुन्या इंजिनांबद्दल. एक हजाराहून अधिक संख्येने घडलेली ३,८५० अश्वशक्तीची डब्ल्यूएजी-५ इंजिने आता झपाट्याने मोडीत निघत आहेत. देशाचा कोळसा, सिमेंट, धान्य आणि खत त्यांनी चार दशके वाहिले. देखणी म्हणून त्यांची कीर्ती कधीच नव्हती, आणि संग्रहालयात जागा मिळताना प्रवासी गाड्यांची आणि वाफेची इंजिने पुढे जातात हे आम्ही पाहिले आहे. शेवटचे इंजिन भट्टीत जाण्यापूर्वी एक डब्ल्यूएजी-५ भुसावळला आणि एक घाटाच्या माथ्यावर, इगतपुरीला, आहे त्या रंगात, आहे त्या पोचांसह जतन करावे. नवे इंजिन रेखाटणाऱ्या तरुण अभियंत्यांनाही ते जवळून पाहता येईल. त्याच्या कॅबमध्ये दहा मिनिटे बसले तरी पुढचे इंजिन कसे नसावे याच्या चार गोष्टी सुचतील.

शेवटी, हे सर्व विचारात कसे घ्यावे याविषयी. दाहोदच्या इंजिनांच्या देखभालीसाठी ज्या चार ठिकाणांची निवड झाली आहे, त्यांत विशाखापट्टणम, रायपूर आणि खरगपूर यांच्या बरोबरीने पुणे आहे. पुढच्या तुकड्यांच्या रंगात किंवा कॅबमध्ये काही बदल करायचा झाला, तर त्याचा लाकडी किंवा पत्र्याचा पूर्ण आकाराचा नमुना पुण्यात उभा करावा आणि आठवडाभर तो पाहू द्यावा. आधी लोको पायलट आणि त्यांचे सहायक, मग ट्रॅकमन, मग शेडमधले फिटर आणि रंगारी, आणि सर्वांत शेवटी आम्ही. पहिल्या तिघांच्या आणि आमच्या मतात विरोध आला, तर आमचे मत बाजूला ठेवावे, असे मी माझ्या सोबत्यांच्या संमतीने लिहीत आहे.

गेल्या बारा वर्षांत इगतपुरीच्या फलाटावर बसून मी मालवाहू इंजिनांच्या तोंडांची पेन्सिलीने रेखाटने केली आहेत. समोरून, बाजूने आणि पावसात, मोजमापासह. नमुना उभा राहिला की ती वही घेऊन मी पुण्याला येईन. आपल्या रेखाकारांपैकी कोणाला त्याआधी पाहायची असेल, तर संध्याकाळी पाच ते सात या वेळेत मी फलाटाच्या कसाऱ्याकडच्या टोकाला असतो.

आपला विश्वासू,
इगतपुरीचा एक रेल्वेप्रेमी